डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी: विधान परिषदेतली साडेतीन वर्षं

सोनकुसुम

राजकारणात गेलेल्या डॉक्टरांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन नावं ठरलेली असतात. एक बंगालचे बिधानचंद्र रॉय, दुसरे आपल्या केईएमचे पहिले डीन आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले जीवराज मेहता. दोघंही मोठी माणसं. पण मला आज ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्या साध्या मंत्रीसुद्धा झाल्या नाहीत. मद्रासच्या विधान परिषदेत त्या १९२७ च्या सुरुवातीला आल्या आणि मे १९३० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडल्या. एवढ्या काळात त्यांनी जे केलं ते वाचल्यापासून कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं, म्हणून हा धागा.

जन्म १८८६ चा, पुदुकोट्टै संस्थानातला. वडील नारायणस्वामी अय्यर तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातली. या एका गोष्टीमुळे वडिलांच्या नातेवाइकांनी घराशी संबंध तोडले. मुलगी वयात आल्यावर शाळा बंद झाली, पण वडिलांनी घरी शिकवून मॅट्रिक करवलं. कॉलेजात मुलींना प्रवेशच नव्हता. एक मुलगी आली तर आमची मुलं काढून घेऊ, असं पालक म्हणू लागले. शेवटी महाराज मार्तंड भैरव तोंडैमान यांनी हुकूम काढला तेव्हा तिचं नाव लागलं. १९०७ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेज, १९१२ मध्ये सुवर्णपदकांसह पदवी, मग एग्मोरच्या सरकारी स्त्री रुग्णालयात हाउस सर्जन. लग्न केलं अठ्ठाविसाव्या वर्षी, डॉ. सुंदर रेड्डींशी. लग्नाआधी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की मला बरोबरीनं वागवायचं आणि माझ्या कामाच्या आड यायचं नाही. त्यांनी तो शब्द पाळला.

विमेन्स इंडियन असोसिएशननं परिषदेसाठी त्यांचं नाव पुढे केलं तेव्हा त्या लगेच तयार नव्हत्या. प्रॅक्टिसचं काय होणार, ही काळजी होती. नुकत्याच त्या लंडनहून स्त्रिया आणि मुलांच्या आजारांचं शिक्षण घेऊन परतल्या होत्या. अखेर हो म्हणाल्या, आणि सभागृहानं त्यांना एकमतानं उपाध्यक्ष निवडलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

देवदासी प्रथेविरुद्ध मद्रासमध्ये त्याआधी बरीच वर्षं भाषणं चालली होती. नाचाच्या कार्यक्रमांवर बहिष्कार, अर्ज, लेख, सगळं झालं होतं. दंड संहितेत कलमंही होती, ३७२ आणि ३७३, अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं वा विकत घेणं याविरुद्धची. १९२४ साली त्यांतली वयोमर्यादा १८ करण्यात आली. पण देवळात मुलीच्या गळ्यात पोट्टू, म्हणजे देवाच्या नावाचं मंगळसूत्र, बांधतात तेव्हा ती आठ-दहा वर्षांची असते आणि कागदोपत्री तो धार्मिक विधी असतो. गुन्हा सिद्ध करायचा तर तो विधी आणि तिचं पुढचं आयुष्य यांचा संबंध कोर्टात दाखवायचा. तो कोण दाखवणार?

नोव्हेंबर १९२७ मध्ये मुथुलक्ष्मींनी ठराव आणला, की मुली देवाला वाहणं थांबवण्यासाठी सरकारनं कायदा करावा. तो मंजूर झाला. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. थेट बंदीच्या आधी त्यांनी जमिनीला हात घातला.

देवदासी घराण्यांना देवळाकडून इनाम जमिनी होत्या. अट एकच, घरातल्या बाईनं देवळात सेवा करायची. सेवा बंद, की जमीन गेली. म्हणजे आई म्हातारी झाली की तिच्या जागी मुलगी उभी राहिलीच पाहिजे. पोटची नसेल तर दत्तक घ्यायची. एखाद्या बाईला मनापासून वाटलं, माझ्या मुलीच्या गळ्यात पोट्टू नको, तरी त्या निर्णयाची किंमत म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या तोंडचा घास. १९२९ मध्ये हिंदू धर्मादाय कायद्यात त्यांनी दुरुस्ती करून घेतली. सेवेची अट गेली आणि जमीन त्या बाईच्या नावावर राहिली. देवळात जा किंवा जाऊ नका, शेत तुमचंच.

मला यात पक्की डॉक्टर दिसते. ही बाई उद्यापासून काय खाणार, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि बंदीचं विधेयक नंतर, १९३० मध्ये मांडलं. आजही कितीतरी बंदीचे कायदे होतात आणि त्यांत हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

याखेरीज शाळेतल्या मुलामुलींची वैद्यकीय तपासणी, लहान मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय, मुस्लिम मुलींसाठी वसतिगृह, मुलींच्या फीमध्ये सवलत, बालविवाहाचं वय, असे कितीतरी विषय त्यांनी सभागृहात लावून धरले. शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हार्टोग समितीवर काम केलं. सगळं इथे लिहीत नाही, चर्चेत येईलच.

अनघड

सोनकुसुमताई, उत्तम लिहिलंय. जमिनीचा भाग मला अजिबात माहीत नव्हता. एक शंका: त्या निवडून आल्या होत्या की सरकारनं नेमलं होतं? नेमणूक असेल तर लोकांचा पाठिंबा कितपत होता म्हणायचं?

सोनकुसुम

नेमणूकच होती. मद्रास इलाख्यात १९२१ पासून बायकांना मत होतं, तेही मालमत्तेच्या अटीवर. उमेदवार म्हणून उभं राहण्याचा हक्क मिळाला १९२६ मध्ये. त्याच वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्यात हरल्या. सरकारनं नेमलेली सदस्य म्हणजे सरकारच्या बाजूची, असं धरून चालायचे. मुथुलक्ष्मी तशा राहिल्या नाहीत. पुढे त्यांनी राजीनामा दिला तो गांधीजींच्या अटकेवरून, हे लक्षात घ्या.

केवडा_तिठा

चांगला विषय. एक भर घालतो. ‘पहिली महिला आमदार’ असं त्यांच्याबद्दल सर्रास छापलं जातं, ते ब्रिटिश इंडियापुरतं खरं. त्रावणकोर संस्थानात डॉ. मेरी पुन्नन लुकोस त्याआधीच विधिमंडळावर होत्या. त्याही डॉक्टर, तेही स्त्रीरोगातल्या. १९३८ मध्ये त्या त्रावणकोरच्या सर्जन जनरल झाल्या, म्हणजे सगळ्या आरोग्य खात्याच्या प्रमुख. सुरुवातीला विधिमंडळांत आलेल्या या दोघी बायका डॉक्टर असाव्यात, हा योगायोग नसावा असं मला वाटतं. त्या काळात घराघरात, जातीजातीत, पडद्याआड जाऊ शकणारी शिकलेली बाई म्हणजे डॉक्टरीणच.

सोनकुसुम

केवडा_तिठा, धन्यवाद. मी मूळ लेखात ‘पहिली’ हा शब्द मुद्दाम टाळला होता. तुमचा शेवटचा मुद्दा फार पटला. आपल्याकडे रखमाबाई आहेतच. बालपणी लावलेलं लग्न नाकारून १८८४ पासून कोर्टात लढल्या, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर रुग्णसेवा केली. त्यांच्या खटल्याच्या गदारोळानंतर १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला, दहाचं बारा. मुथुलक्ष्मी सभागृहात मुलीच्या लग्नाचं वय १६ मागत होत्या. शारदा कायद्यानं १९२९ मध्ये १४ दिलं. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात काय होतं ते त्या वॉर्डात रोज बघत होत्या, त्यामुळे धर्मशास्त्राचे दाखले देणाऱ्यांशी वाद घालायला त्यांना पुस्तकं चाळावी लागत नव्हती.

हिरण्यकेशी

मी गडहिंग्लज भागात बरीच वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होते. आमच्याकडची प्रथा सौंदत्तीच्या यल्लम्माची. हा लेख वाचताना सारखं मनात येत होतं की आमच्या बायांना इनाम जमिनी कुठल्या? डोक्यावर देवीचा जग, हातात परडी आणि दारोदार जोगवा. बहुतेक दलित घरातल्या. एखाद्या पोरीच्या केसात जट आली, म्हणजे खरं तर नीट न धुतल्या-विंचरल्यामुळे केस चिकटले, की देवीचं बोलावणं आलं म्हणून तिला सोडायचं. मी स्वतः पाहिलेली एक बाई होती. जट पार कंबरेखाली गेलेली, मानेला कायम कळ, कातडीला जखमा, उन्हाळ्यात वास. औषध घ्यायची, मलम लावून घ्यायची, पण कात्री म्हटलं की उठून जायची. कितीतरी महिने गेले. शेवटी तिच्याच गल्लीतली एक जोगतीण जट काढून आली आणि तिला काही झालं नाही, हे बघितल्यावर ही तयार झाली. केस गेल्यावर पहिल्यांदा मान वळवून मागे बघितलं तिनं आणि किती तरी वेळ नुसती मान फिरवत बसली होती.

सांगायचं एवढंच की मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा, कर्नाटकाचा १९८२ चा. कायदे कमी नव्हते. पण आमच्या बायांच्या पोटाचं काय, ते मद्राससारखं आधी कुणी बघितलं नाही. पेन्शनसाठी, घरासाठी त्यांना स्वतः मोर्चे काढावे लागले.

अनघड

हिरण्यकेशीताई, तुमच्या प्रतिसादाचा स्वतंत्र धागा व्हावा ही विनंती.

नट्टुवांगम

मी भरतनाट्यम शिकते, आता शिकवतेही. सोनकुसुम, तुमचा लेख प्रामाणिक आहे, पण दुसरी बाजू आली नाही म्हणून लिहिते.

१९२७ मध्ये मद्रासच्या देवदासींनी स्वतः संघटना करून या ठरावाला विरोध केला होता. सरकारकडे निवेदनं गेली. बेंगळुरू नागरत्नम्मा त्यांतल्या एक, ज्यांनी तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी स्वतःच्या कमाईतून बांधली. या बायकांचं म्हणणं असं की आम्ही लिहू-वाचू शकतो, आमच्या नावावर मालमत्ता आहे, आम्हाला दत्तक घेता येतं, आमची मुलगी वारस होते. त्या काळातल्या कुठल्या ‘कुलीन’ घरातल्या बाईला यातलं काही होतं? आम्हाला सरसकट वेश्या का म्हणता? सभागृहात त्यांची एकही प्रतिनिधी नव्हती. त्यांच्याबद्दल बोललं गेलं, त्यांच्याशी नाही.

परिणाम काय झाला? त्यांचा सदिर नाच पुढे ‘भरतनाट्यम’ झाला, १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था निघाली, ब्राह्मण घरातल्या मुली रंगमंचावर आल्या आणि ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान् पिढ्या होती त्यांनी आपलं मूळ लपवायला सुरुवात केली. बालसरस्वतींसारख्या मोजक्याच ताठ मानेनं नाचत राहिल्या. या नाचाची बाजू घेणारे ई. कृष्ण अय्यर आणि मुथुलक्ष्मी यांचा १९३२ मधला वृत्तपत्रांतला वाद जरूर वाचा. त्यांच्या भाषेत या बायकांविषयी दया आहे, पण आदर शोधावा लागतो.

सोनकुसुम

नट्टुवांगम, हे लिहिलंत ते बरं केलंत. विरोधाची हकिकत मला माहीत होती, पण लेखात घ्यायला हवी होती तितकी जागा मी तिला दिली नाही. तुमचे बहुतेक मुद्दे मान्य. नृत्याचं जे झालं तो अन्यायच आहे, आणि मुथुलक्ष्मींची भाषा सुधारकी होती, काही ठिकाणी कठोरही.

दोन गोष्टींवर मात्र माझं मत वेगळं आहे. एक, त्या बाहेरून बघत नव्हत्या. त्यांची आई त्याच समाजातली होती. आपल्या आईच्या वाट्याला जे आलं आणि आपल्यामागे शाळा-कॉलेजात जी कुजबुज आली, ते घेऊन त्या सभागृहात उभ्या राहिल्या. दुसरं, नागरत्नम्मांसारख्या नामवंत कलावतींचं जगणं आणि तंजावर जिल्ह्यातल्या एखाद्या लहान देवळाला वाहिलेल्या पोरीचं जगणं यांत फार अंतर होतं. त्याच समाजातल्या मूवलूर रामामिर्दम अम्माळ प्रथेविरुद्ध गावोगाव फिरत होत्या. तोही आतलाच आवाज. मुथुलक्ष्मी मोठ्या कलावतींना ओळखत होत्याच, पण वॉर्डात त्यांच्यासमोर यायच्या त्या दुसऱ्या.

नट्टुवांगम

रामामिर्दम अम्माळांचा मुद्दा मान्य. ‘वाहू नका’ आणि ‘नाचू नका’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या असत्या, एवढंच माझं म्हणणं आहे. १९४७ च्या कायद्यानं देवळातलं आणि मिरवणुकीतलं नृत्यही बंद केलं.

जनरल_वॉर्ड

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. मुथुलक्ष्मींचं नाव आम्हाला माहीत ते अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमुळे. त्यांची धाकटी बहीण गुदाशयाच्या कर्करोगानं गेली. बराच काळ आमांश समजूनच उपचार चालले होते. घरात डॉक्टर असून निदान उशिरा झालं, हे शल्य डॉक्टर माणसाला आयुष्यभर पुरतं. १९३५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दीला त्यांनी कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय हवं असं जाहीरपणे मांडलं. तेव्हा मुंबईतलं टाटा मेमोरियलसुद्धा उघडलं नव्हतं, ते १९४१ चं. सरकारदरबारी त्यांना काय ऐकावं लागलं ते इन्स्टिट्यूटच्या डॉ. व्ही. शांता नंतर सांगत असत: कर्करोगानं माणसं मरतातच, मग त्याला रुग्णालय कशाला?

१९५२ मध्ये नेहरूंनी कोनशिला बसवली, १८ जून १९५४ ला बारा खाटांचं रुग्णालय सुरू झालं. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि पुढे डॉ. शांता यांनी ते वाढवलं. पैशाअभावी रुग्ण परत पाठवायचा नाही, हे तिथलं धोरण.

शाळेतल्या मुलांच्या वैद्यकीय तपासणीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला त्याचं मोल जास्त वाटतं. आज आमच्याकडे शाळा तपासणीची पथकं येतात. त्यात जन्मजात हृदयदोष सापडलेली पोरं मी पुढे पाठवलेली आहेत. आईबाप म्हणतात, पोरगं खेळताना दमतं एवढंच वाटायचं. शंभर वर्षांपूर्वी विधिमंडळात कुणी तरी हे मागत होतं, हे वाचून बरं वाटलं.

कलम_पोटकलम

सगळे चांगलं बोलतायत, पण मला एक प्रश्न टोचतोय. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि मुथुलक्ष्मींनी राजीनामा दिला. त्यांचं देवदासी-बंदीचं विधेयक त्याच वर्षी जनमतासाठी फिरवलं होतं. त्या गेल्या आणि विधेयक पडून राहिलं. कायदा झाला ऑक्टोबर १९४७ मध्ये. मधली सतरा वर्षं. त्या काळात किती मुली वाहिल्या गेल्या असतील? अटकेचा निषेध करणारे हजारो होते, ते विधेयक पुढे रेटणारी सभागृहात एकटी होती. राहायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत.

केवडा_तिठा

कलम_पोटकलम, इतकं सरळ नाही हो. परिषदेत राहूनही ते विधेयक पास झालंच असतं असं कशावरून? खुद्द काँग्रेसमध्ये सत्यमूर्तींसारखे लोक विरोधात होते. सरकार धर्माच्या बाबतीत हात घालायला कचरत होतं. १९३७ मध्ये राजाजींचं मंत्रिमंडळ आलं, तरी ते मार्गी लागलं नाही.

कलम_पोटकलम

पास झालंच असतं असं म्हणत नाही. पण विधेयक मांडणारा माणूस सभागृहात नसला की त्याचं काय होतं, हे विधिमंडळाचं काम बघितलेल्या कुणालाही विचारा. वारस नसलेलं विधेयक कपाटात जातं.

सोनकुसुम

हा प्रश्न मलाही वाचताना पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही. माझं मत राजीनाम्याच्या बाजूनं झुकतं, पण देशभक्तीच्या कारणासाठी नाही.

राजीनाम्याच्या वर्षी काय घडलं ते बघा. देवदासी घरांतून निघालेल्या मुली आसऱ्यासाठी त्यांच्या दारात आल्या. शहरातली वसतिगृहं त्या मुलींना घेईनात, जातीवर बोट ठेवलं. मुथुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतलं आणि तिथेच अव्वै होम सुरू झालं. पुढे ते अड्यारला गेलं, शाळा निघाली, शिक्षिका, नर्स होऊन मुली बाहेर पडल्या. १९४७ मध्ये कायदा झाला तेव्हा ‘या मुलींना ठेवायचं कुठे’ या प्रश्नाला मद्रासमध्ये आधीच एक पत्ता होता. हिरण्यकेशीताईंनी लिहिलंय तसं आमच्याकडे कायदा १९३४ मध्ये झाला आणि पत्ता नव्हता.

म्हणजे कलम_पोटकलम, सतरा वर्षांचा तुमचा हिशेब खोटा नाही. त्या मुलींचं नुकसान झालंच. पण विधेयक रखडलं तरी त्यांचं काम थांबलं नव्हतं. आणि १९२९ ची जमिनीची दुरुस्ती तर लागू होतीच, ती कुणाच्या राजीनाम्यानं रद्द झाली नाही.

हिरण्यकेशी

सोनकुसुमताई, अव्वै होममध्ये मुलींना आयांपासून वेगळं ठेवायचे का, की आया भेटायला येत? आमच्याकडे वसतिगृहात घातलेल्या मुली सुट्टीत घरी गेल्या की परत येतील का, याचीच धास्ती असायची. पौर्णिमेची यात्रा तोंडावर असली की जास्तच. आम्ही मग यात्रेच्या आधीच आयांना दवाखान्यात बोलवायचो, काहीतरी तपासणीच्या निमित्तानं, आणि बोलत बसायचो.

नट्टुवांगम

हिरण्यकेशीताई, मला वाटतं मुथुलक्ष्मींच्या सभागृहात नेमकं हेच राहून गेलं होतं, आयांना बोलावून बसवणं. तुम्ही खरंच वेगळा धागा काढा. मी पुढच्या महिन्यात चेन्नईला जाणार आहे. अव्वै होम आजही चालू आहे, तिथे जाऊन तुमचा प्रश्न विचारते आणि इथे लिहिते.